नुसतं ‘यस’ म्हणू नका



गुरुवारच्या आरतीनंतर आपल्या मंदिराच्या मागच्या खोलीत मी इंग्रजीचा वर्ग घेते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. तरी दर वेळी कोणीतरी हसून म्हणतंच, “ताई, आम्ही पन्नास वर्षं इथे काढली. फॅक्टरीत काम केलं, मुलं शिकवली, घरं घेतली. आता या वयात कसलं इंग्रजी?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. मीसुद्धा १९७४ साली साताऱ्याहून इथे इंग्लंडला आले आणि नंतर बावीस वर्षं एका केमिस्टच्या दुकानात काउंटरवर उभी होते. बसमध्ये, बाजारात, शेजाऱ्यांशी आपलं काही अडत नाही. अडतं ते डॉक्टरपुढे आणि हॉस्पिटलच्या पत्रापुढे. आणि तिथे अडलेलं आपल्याला कळतही नाही, कारण आपल्याला वाटतं की सगळं समजलं.

आमच्या घरचीच गोष्ट सांगते. यांना विचारूनच लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून हे बरीच वर्षं वॉरफरिन घेतात. ही गोळी रक्त पातळ ठेवते. तिची पिवळी वही असते, त्यात रक्ततपासणीचा आयएनआर नावाचा आकडा लिहितात. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलचं पत्र आलं. त्यात एक ओळ होती: ‘विथहोल्ड वॉरफरिन फॉर फाइव्ह डेज प्रायर टू अॅडमिशन.’ यांनी ते पत्र माझ्याकडे दिलं नाही. आपलं आपण वाचलं. होल्ड म्हणजे धरणे, विथ म्हणजे सोबत, तेव्हा गोळी सोबत धरून राहायची, सोडायची नाही, असा सरळ अर्थ लावला. पाच दिवस एकही दिवस न चुकता गोळी घेतली, उलट रोजच्यापेक्षा जास्त आठवणीने घेतली. विथहोल्ड म्हणजे थांबवणे, न देणे. अगदी उलट.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी बाहेर बसले होते. आत नर्सने यादी हातात घेऊन विचारलं, “यू आर नॉट स्टिल टेकिंग द वॉरफरिन, आर यू?” हे म्हणाले, “नो, नो.” नर्सने बरोबरची खूण केली.

हे खोटं बोलले नव्हते. मनात यांनी मराठीतच उत्तर दिलं होतं. कोणी आपल्याला विचारलं, “तुम्ही ती गोळी अजून घेत नाही ना?” तर घेणारा माणूस म्हणतो, “नाही नाही, घेतो की!” म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर नाही, मी घेतो. यांचं ‘नो, नो’ हे ते ‘नाही नाही’ होतं, फक्त पुढचं ‘घेतो की’ तोंडातच राहिलं. नर्सने ऐकलं ते इंग्रजी ‘नो’, म्हणजे घेत नाही.

नेहमीप्रमाणे रक्त तपासलं म्हणून वाचलो. आयएनआर इतका वर होता की ऑपरेशन करणं धोक्याचं होतं. डॉक्टर बाहेर आले, माझ्याशी बोलले, आणि त्या दिवशीचं ऑपरेशन रद्द झालं. सात आठवड्यांनी पुन्हा तारीख मिळाली. घरी येताना टॅक्सीत हे एकच वाक्य बोलले, “अगं, पण मी तर सांगितलं होतं त्यांना.”

मला वाईट वाटलं ते माझंच. बावीस वर्षं मी काउंटरवर लोकांना गोळ्यांची लेबलं समजावून सांगत होते आणि माझ्या घरात पत्र कोणी वाचलं हे विचारलं नाही.

तेव्हापासून वर्गात पहिला धडा हाच असतो. ‘यस’ आणि ‘नो’.

मराठीत आपण समोरच्याच्या बोलण्याला हो किंवा नाही म्हणतो. तो बरोबर बोलला तर हो, चुकला तर नाही. इंग्रजी माणूस तसं करत नाही. प्रश्न सरळ विचारा की उलटा, गोळी घेत असाल तर ‘यस’, घेत नसाल तर ‘नो’. प्रश्नात ‘नॉट’ आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समजा नर्सने विचारलं, “यू हॅव्हन्ट हॅड एनी ब्रेकफस्ट?” तुम्ही काहीच खाल्लेलं नाही. आपल्या जिभेवर येतं, “यस”, म्हणजे बरोबर, नाही खाल्लं. पण तिथे उत्तर ‘नो’ असायला हवं. आणि “डू यू माइंड?” हा तर खास इंग्लिश प्रश्न. “डू यू माइंड इफ अ स्टुडंट सिट्स इन?” म्हणजे शिकाऊ डॉक्टर खोलीत बसला तर तुमची हरकत आहे का? आपण खुशीने ‘यस, यस’ म्हणतो, आणि तो बिचारा उठून बाहेर जातो.

आता या वयात हा नियम घोकून डोक्यात बसवा असं मी म्हणत नाही. मीही अजून चुकते. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे: नुसतं यस किंवा नुसतं नो म्हणायचंच नाही. पुढे छोटं पूर्ण वाक्य जोडायचं. ‘आय टेक इट एव्हरी डे.’ ‘आय स्टॉप्ड इट ऑन मंडे.’ ‘आय हॅव ईटन नथिंग.’ व्याकरण चुकलं तरी चालेल. ‘आय नॉट ईट’ म्हणालात तरी नर्सला कळेल. हेही त्या दिवशी “नो, नो, आय टेक” एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं.

आणि मान. आपण मान डोलावतो ती ‘ऐकतोय’ अशा अर्थाने. इथले लोक ती ‘समजलं, मान्य आहे’ अशी धरतात. डॉक्टर शेवटी विचारतात, “आर यू हॅपी विथ दॅट?” हा प्रश्न आनंदाचा नाही. मी सांगितलं ते तुम्हाला मान्य आहे का, असं ते विचारतात. समजलं नसेल तर तिथे मान डोलवू नका. त्या जागी म्हणायचं वाक्य वर्गातल्या सगळ्यांना आता पाठ आहे: “सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली, प्लीज?” त्यानंतर दुसरं: “कुड यू राइट इट डाउन, प्लीज?” कागदावर लिहून घेतलेलं घरी आणून कोणालाही दाखवता येतं. तिसरं सगळ्यांत उपयोगाचं: ऐकलेलं आपल्या तोंडाने परत म्हणायचं. “सो आय स्टॉप द टॅब्लेट ऑन फ्रायडे. इज दॅट राइट?” दुसऱ्या वेळी यांनी हेच केलं. नर्स म्हणाली, “परफेक्ट, लव्ह.” नर्स ‘लव्ह’ म्हणाली तर बिचकू नये, ती सगळ्यांनाच म्हणते.

आता पत्रांतले शब्द. हॉस्पिटलची पत्रं बोलीभाषेत नसतात, म्हणून चांगलं इंग्रजी येणाराही फसतो. विथहोल्ड सांगितलंच. ‘ओमिट’ म्हणजे वगळा: ‘ओमिट युअर मॉर्निंग डोस’ म्हणजे सकाळची गोळी घेऊ नका. ‘प्रायर टू’ म्हणजे आधी. ‘निल बाय माउथ’ म्हणजे तोंडाने काहीही नाही, अन्नही नाही आणि पाणीही नाही. पाणी कधीपर्यंत चालेल ते पत्रात वेगळं लिहिलेलं असतं, ती ओळ शोधायची. ‘क्लिअर फ्लुइड्स’ म्हणजे ज्यातून आरपार दिसतं ते: पाणी, बिनदुधाचा चहा. आपला चहा त्यात बसत नाही. ताक तर नाहीच. 

आणि ‘फास्टिंग’. वर्गातल्या एका आजींना रक्ताच्या तपासणीसाठी फास्टिंग करून यायला सांगितलं होतं. त्यांनी मनोभावे उपवास केला. सकाळी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू आणि कपभर दूध घेऊन वेळेवर हजर झाल्या. नर्सने विचारलं तेव्हा आत्मविश्वासाने ‘यस, फास्टिंग’ म्हणाल्या. साखरेचा आकडा पाहून डॉक्टरांनी त्यांना आठवड्यात परत बोलावलं. आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या, पण मधले आठ दिवस त्यांनी मधुमेह झाला या काळजीत काढले होते, हेही त्यांनीच सांगितलं. तपासणीच्या फास्टिंगला फराळ चालत नाही. फक्त साधं पाणी.

‘सर्जरी’ हा शब्दही असाच घाबरवतो. इथे डॉक्टरांच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात. फोनवर “कम टु द सर्जरी अॅट हाफ टू” असं ऐकलं तर कोणी पोट कापणार नाही, दवाखान्यात अडीच वाजता या, एवढंच. हो, हाफ टू म्हणजे अडीच, दीड नव्हे. हाफ सेव्हन म्हणजे साडेसात. ‘पास्ट’ हा शब्द ते खाऊन टाकतात.

वेळेचा विषय निघालाच आहे तर एक मराठी खोड सांगते, जी माझ्या लक्षात केमिस्टच्या दुकानात आली. आपण आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणतो आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’. मनात हिशोब पक्का असतो, सोमवार ते सोमवार. पण इंग्रजीत ‘एट डेज’ म्हटलं की ते आठच मोजतात. हाडांसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी असते. ती ‘आठ दिवसांनी’ असं लक्षात ठेवलं तर सोमवारची मंगळवारी, मग बुधवारी अशी सरकत जाते. त्याहून वाईट म्हणजे ‘वन्स वीकली’ वाचलंच नाही आणि ती रोज घेतली. म्हणून वार ठरवायचा: ‘एव्हरी मंडे’. कॅलेंडरवर सगळ्या सोमवारांना लाल गोल करायचा. आणि ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा दिवस, पंधरवडा समजा.

डब्यावरचं लेबल कंटाळा न करता वाचा, किंवा वाचून घ्या. ‘स्वॉलो होल’ म्हणजे अख्खी गिळा. चावायची नाही, कुटून मधात कालवायची नाही. ‘विथ ऑर आफ्टर फूड’ म्हणजे जेवताना किंवा जेवल्यावर. ‘व्हेन रिक्वायर्ड’ म्हणजे त्रास होईल तेव्हाच, रोज नव्हे. आणि पुष्कळ डब्यांवर हे लिहिलेलं असतं की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे औषध बंद करू नका. ‘डू नॉट स्टॉप टेकिंग धिस मेडिसिन’ हे शब्द दिसले की बरं वाटतंय म्हणून बंद करायचं नाही. काउंटरपलीकडच्या माणसाला विचारायला लाजू नका. फार्मासिस्टचं ते कामच आहे, आणि त्याची फी नाही.

आता दुखण्याचे शब्द. या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे आणि तिथेच आपली पंचाईत होते. ठणका, कळ, चमक, मुरडा, आग, रग, ओढ, सगळ्याला आपण इंग्रजीत एकच ‘पेन’ म्हणतो. डॉक्टर मात्र दुखणं कसं आहे यावरून रोग शोधतात. ठणका म्हणजे ‘थ्रॉबिंग’. सुरी खुपसल्यासारखी कळ म्हणजे ‘स्टॅबिंग’. मुरडा म्हणजे ‘क्रॅम्प’. आग होते म्हणजे ‘बर्निंग’. मुंग्या येतात याला इंग्रजीत गंमतशीर शब्द आहे, ‘पिन्स अँड नीडल्स’, टाचण्या आणि सुया. बधीर म्हणजे ‘नम’. धाप लागते म्हणजे ‘आय गेट ब्रेथलेस’. चक्कर दोन प्रकारची असते, आणि डॉक्टर ते विचारतातच: खोली फिरते का, की भोवळ आल्यासारखं हलकं हलकं वाटतं? पहिलीला म्हणा ‘द रूम इज स्पिनिंग’, दुसरीला ‘आय फील फेंट’.

‘सिक’ या शब्दाने तर मीही पहिल्या वर्षी फसले होते. तिकडे शाळेत आपण शिकलो, सिक म्हणजे आजारी. इथे ‘आय फील सिक’ म्हणजे मळमळतंय आणि ‘आय वॉज सिक’ म्हणजे उलटी झाली. “आय अॅम सिक सिन्स मंडे” म्हणालात की नर्स घाईघाईने कागदाचं भांडं पुढे करते. आजारी आहे, बरं नाही, यासाठी ‘आय अॅम नॉट वेल’ म्हणा. पित्त झालं याला आपण ‘अॅसिडिटी’ म्हणतो, इथे ‘हार्टबर्न’ म्हणतात. नावात हार्ट असलं तरी ती छातीतली जळजळ पोटातल्या आम्लामुळे होते. ‘लूज मोशन’ नवीन नर्सला कळेलच असं नाही, ‘डायरिया’ म्हणा.

आणि लाजेचे शब्द. ते शिकवताना सुरुवातीला मी बायकांचा आणि पुरुषांचा वर्ग वेगळा घ्यायची. आता घेत नाही. इंग्रज माणूसही याबाबत आपल्याइतकाच लाजाळू आहे, म्हणून त्याने आडवळणाचे शब्द केले आहेत. “हॅव यू ओपन्ड युअर बाउल्स?” म्हणजे शौचाला झालं का. “एनी ट्रबल विथ द वॉटरवर्क्स?” म्हणजे लघवीचा काही त्रास आहे का. आमच्या एका आजोबांनी या प्रश्नाला घरचा बॉयलर नुकताच दुरुस्त करून घेतल्याचं सांगितलं होतं. पण त्यांना खरोखर रात्री सहा-सहा वेळा उठावं लागत होतं, आणि ते सांगायचं त्या दिवशी राहूनच गेलं. पुढच्या भेटीपर्यंत चार महिने गेले. शौचातून किंवा लघवीतून रक्त दिसलं तर शब्दांची वाट पाहू नका. “आय सॉ ब्लड” एवढं स्पष्ट म्हणा आणि कुठे ते बोट करून दाखवा.

यावरून नातवंडांचा विषय येतो. पुष्कळ घरांत दुभाषा म्हणून नातीला किंवा सुनेला नेतात. आजोबा नातीसमोर लघवीचं बोलत नाहीत. नात ‘कॅन्सर’ हा शब्द आजीला सांगत नाही, ‘काही नाही आजी, तपासणी करायची आहे’ म्हणते. दोघंही प्रेमानेच करतात, पण डॉक्टरांचं बोलणं पोचत नाही. एनएचएसमध्ये दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. पुष्कळदा तो फोनवरूनच बोलतो, त्याला तुमचा चेहराही दिसत नाही, त्यामुळे संकोच कमी होतो. पण तो आयत्या वेळी मिळेलच असं नाही. वेळ ठरवतानाच सांगायचं: “आय नीड अॅन इंटरप्रिटर. मराठी, प्लीज. नॉट हिंदी.” शेवटचे दोन शब्द आवर्जून म्हणा. नाव बघून समोरचा परस्पर हिंदी लिहून टाकतो, आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं हिंदी हे सिनेमातलं हिंदी आहे. त्यात ‘मुरडा’ सांगता येत नाही. नातीला बरोबर जरूर न्या. तिने शेजारी बसावं, हात धरावा. बोलण्याचं काम दुसऱ्याला करू द्यावं.

शेवटी ९९९. हा भाग आम्ही दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तोंडाने म्हणतो, खोटा फोन कानाला लावून. पहिला आवाज विचारतो, कोणती सेवा हवी? एकच शब्द: “अॅम्ब्युलन्स.” मग दुसरा आवाज येतो. तो आधी विचारतो, पेशंट श्वास घेतोय का, शुद्धीवर आहे का. “इज द पेशंट ब्रीदिंग?” इथेही पूर्ण वाक्य: “ही इज ब्रीदिंग”, “शी इज नॉट ब्रीदिंग.” पत्ता विचारतात तेव्हा पोस्टकोड सांगायचा. घाबरल्यावर स्वतःचा पोस्टकोड आठवत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. म्हणून तो मोठ्या अक्षरात फोनजवळ चिकटवून ठेवा. काहीच सुचलं नाही तर “मराठी” म्हणा, फोन ठेवू नका. तिथेही दुभाष्याची सोय करता येते. ते खूप प्रश्न विचारतात म्हणून गाडी निघायला उशीर होतो असं वाटून पुष्कळ जण चिडतात. तसं नसतं. तुम्ही बोलत असतानाच दुसरा माणूस गाडीची व्यवस्था पाहत असतो.

छातीत दाटल्यासारखं होऊन थांबत नसेल, घाम सुटला असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ९९९. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलत नाही, किंवा बोलणं अडखळलं, तरी ९९९. मुलाच्या फोनची वाट बघायची नाही. इतकं तातडीचं नसेल पण सोमवारपर्यंत थांबवत नसेल, तर १११. तो नंबर रात्रंदिवस चालू असतो.

आता मंदिराच्या वतीने दोन विनंत्या. आपल्यातल्या एकट्या राहणाऱ्या सभासदांना हॉस्पिटलमध्ये सोबत करणारी माणसं हवी आहेत. इंग्रजी फार चांगलं नसलं तरी चालेल, गाडी चालवता येत असेल आणि कॉरिडॉरमध्ये दोन तास बसण्याची तयारी असेल तर पुरे. निवृत्त मंडळींनी मनावर घ्यावं. दुसरी विनंती साहाय्य निधीसाठी. खिशात मावेल असं मोठ्या अक्षरांचं कार्ड आम्ही छापणार आहोत. त्यावर एका बाजूला वरची वाक्यं मराठीत आणि इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला आपली औषधं, अॅलर्जी आणि घरच्या माणसाचा फोन लिहायला जागा. ज्यांना बस झेपत नाही त्यांच्या टॅक्सीचं भाडंही याच निधीतून देतो. दानपेटीशेजारी वेगळी निळी पेटी ठेवली आहे, किंवा कार्यालयात पावती घेऊन द्यावं.

वर्ग दर गुरुवारी संध्याकाळी आरतीनंतर, पाऊण तास. जागा तळमजल्यावरच आहे, जिना नाही. येताना चष्मा आणा, आणि घरी न उघडता किंवा अर्धवट वाचून ठेवलेली हॉस्पिटलची पत्रं आणा. दुसऱ्यांना दिसू नये असं वाटलं तर प्रसाद झाल्यावर थांबा, आपण दोघंच बसून वाचू. हेही तिथेच असतात, चहाची जबाबदारी यांच्याकडे आहे. ‘विथहोल्ड’चा अर्थ कोणी विचारला तर तो हे स्वतःच सांगतात.